शाळेतील स्वच्छतागृह: बांधण्याआधी, बांधताना आणि बांधल्यानंतर

साधनांची चणचण असलेल्या वस्तीतील शाळेत स्वच्छतागृह बंद पडते, तेव्हा त्याचे कारण बहुधा भिंतीत किंवा छपरात नसते. टाकीत पाणी चढत नाही, आतली कडी तुटल्यावर ती कोणी बदलायची हे ठरलेले नसते, खड्डा भरल्यावर त्याचे काय करायचे याचा विचार झालेला नसतो, आणि रोज सफाई करणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कोणत्याच कागदावर नसते. बांधकामासाठी देणगीदार मिळतो, उद्घाटन होते आणि वर्षभरात दाराला कुलूप लागते. म्हणून या लेखात बांधकामाइतकीच जागा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला दिली आहे. शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापक, पालक किंवा एखादी छोटी संस्था यांनी हे काम हाती घेतले, तर पुढील क्रमाने जावे, असे मला वाटते.

पहिली पायरी: आहे त्याची मोजणी

नवीन काही बांधण्याचा ठराव करण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस शाळेत घालवून जे आहे ते मोजावे. मोजताना ‘शौचकूप किती’ हा प्रश्न पुरेसा नसतो, ‘आज वापरता येतील असे किती’ हे विचारावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमात शाळेतील मूलभूत स्वच्छता सुविधेची जी व्याख्या वापरली जाते, ती येथे फार उपयोगी पडते. सुविधा सुधारित प्रकारची, म्हणजे मैल्याचा माणसाशी संपर्क होऊ न देणारी असावी. मुलामुलींसाठी ती स्वतंत्र असावी आणि पाहणीच्या दिवशी वापरण्याजोगी असावी. वापरण्याजोगी याचा अर्थ असा की ती विद्यार्थ्यांसाठी खुली असते, चालू स्थितीत असते आणि आतून बंद करता येते. कुलूप लावून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले शौचकूप या मोजणीत धरू नये. तुंबलेले भांडे आणि कडी नसलेले दार असलेले शौचकूपही धरू नये. अशी प्रामाणिक मोजणी केली की बरेचदा असे दिसते की निम्मी गरज केवळ दुरुस्तीने भागते आणि नव्या बांधकामाचा खर्च बराच कमी होतो.

त्यानंतर गरज काढावी. कमी खर्चाच्या परिस्थितीतील शाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार 25 मुलींमागे एक शौचकूप, तर 50 मुलांमागे एक शौचकूप आणि एक मुतारी असावी. कर्मचाऱ्यांसाठी त्याशिवाय स्त्रियांचे एक आणि पुरुषांचे एक शौचकूप असावे. समजा शाळेत 120 मुली आणि 120 मुलगे आहेत. मुलींसाठी 5, मुलांसाठी 3 शौचकुपे आणि 3 मुताऱ्या लागतील, शिवाय अपंग विद्यार्थ्यांना वापरता येईल असे किमान एक. एवढे एकदम शक्य नसेल, तर मुलींच्या बाजूपासून सुरुवात करावी, कारण मुताऱ्या कमी खर्चात उभ्या राहतात आणि मुलांच्या रांगेचा मोठा भार त्या उचलतात.

या आकड्यांइतकेच मधल्या सुट्टीचे गणित महत्त्वाचे असते. 20 मिनिटांच्या सुट्टीत 120 पैकी 40 मुली शौचालयाकडे आल्या, तर पाच शौचकुपांपैकी प्रत्येकावर 8 जणी येतात आणि प्रत्येकीला अडीच मिनिटे मिळतात. त्यातील दोन शौचकुपे बंद असली, तर तो वेळ दीड मिनिटावर येतो. मग रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या लहान मुली परत फिरतात किंवा दिवसभर पाणी पिणेच टाळतात. वर्गांच्या सुट्ट्या दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने ठेवल्या, आणि तास चालू असतानाही जाण्याची परवानगी सहज दिली, तर एकही वीट न रचता क्षमता वाढते. या उपायाला पैसा लागत नाही, तरी तो सर्वांत उशिरा सुचतो.

मोजणीचा दुसरा भाग विद्यार्थ्यांशी बोलण्याचा आहे आणि तो वगळू नये. मुलींशी शिक्षिकेने किंवा दुसऱ्या विश्वासातील स्त्रीने वेगळे बोलावे. सर्वांत लहान वर्गातील मुलांना शौचालयापर्यंत घेऊन जावे आणि ती कुठे थबकतात ते पाहावे. अंधार, भांड्याचे मोठे छिद्र, हात न पोहोचणारी कडी, वाटेवर बसणारी मोठी मुले, छपराखालच्या फटीतून दिसेल ही भीती, अशी कारणे मोठ्यांच्या पाहणीत कधीच नोंदली जात नाहीत. हालचालीत अडचण असलेले मूल शाळेत असेल, तर त्याला आणि त्याच्या पालकांना आराखड्याच्या पहिल्या बैठकीतच बोलवावे.

दुसरी पायरी: पाण्याचा हिशेब

शौचालयाचा प्रकार आपल्या आवडीवर ठरत नाही, उपलब्ध पाण्यावर ठरतो. दिवसाच्या शाळेत पिणे, हात धुणे आणि साफसफाई यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे दररोज सुमारे 5 लिटर पाणी धरावे. हाताने पाणी ओतण्याच्या शौचकुपासाठी त्यात माणशी दीड ते 3 लिटर वाढवावे आणि पाण्याने अंग स्वच्छ करण्याची सवय असेल तेथे आणखी 1 ते 2 लिटर. साखळी किंवा बटण दाबून पाणी सोडण्याच्या नेहमीच्या टाकीसाठी मात्र माणशी 10 ते 20 लिटर लागतात, म्हणून पाण्याची ओढ असलेल्या शाळेत तिचा मोह धरू नये. वरच्या उदाहरणातील 240 विद्यार्थ्यांसाठी माणशी 10 लिटर धरले, तर दिवसाला 2,400 लिटर पाणी लागेल. पुरवठा एखादा दिवस चुकू शकतो असे गृहीत धरून किमान दोन दिवसांचा, म्हणजे सुमारे 5,000 लिटरचा साठा असावा.

पाऊस पुरेसा असेल तेथे छपरावरचे पाणी हा चांगला पूरक स्रोत आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते आणि त्यातील सुमारे 80 टक्के हाती लागते असे धरावे. 200 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 8,000 लिटर साठू शकतात. पहिल्या सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाजूला काढावे आणि टाकीला झाकण व जाळी असावी. हे पाणी शौचालय आणि सफाईसाठी वापरावे. पिण्यासाठी वापरायचे झाल्यास ते आधी शुद्ध करावे लागेल.

वर्षातले काही महिने शाळेपर्यंत पाणी पोहोचतच नसेल, तर पाण्याच्या शौचकुपाचा हट्ट सोडावा. अशा ठिकाणी हवेशीर कोरडे खड्डा शौचालय अधिक टिकते. त्यात खड्ड्यातून छपराच्या वर साधारण अर्धा मीटर जाणारा किमान 11 सेंटिमीटर व्यासाचा उभा पाईप असतो आणि त्याच्या तोंडाला माशा अडवणारी जाळी बसवलेली असते. वारा पाईपच्या तोंडावरून जाताना खड्ड्यातील वास वर ओढून नेतो. आत येणाऱ्या माशा उजेडाच्या दिशेने पाईपमधून वर जातात आणि जाळीत अडकून मरतात. हे सर्व साधण्यासाठी आतली खोली मंद उजेडाची ठेवावी लागते, आणि लहान मुले अंधाराला घाबरतात. या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी दाराऐवजी वळणाची आडभिंत आणि उंचावरचा झरोका हा मार्ग चांगला ठरतो, पण मोठ्या मुलींसाठी आतून लागणारी कडी असलेले दार हवेच. ही तडजोड मुलांशी बोलूनच करावी.

तिसरी पायरी: जागा आणि जमीन

शौचालय वर्गांपासून फार दूर नसावे. सर्व वापरकर्त्यांपासून 30 मीटरच्या आत असणे चांगले, आणि वाट मोकळी, नजरेच्या टप्प्यातील असावी. मुलींचे प्रवेशद्वार मुलांच्या प्रवेशद्वारापासून वेगळ्या दिशेला असावे, कारण एकाच ओट्यावर शेजारी-शेजारी दोन दारे ठेवली की वेगळेपणा कागदावरच राहतो. विहीर, हातपंप किंवा कूपनलिकेपासून खड्डा किमान 30 मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला असावा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळ्यातील सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान दीड ते 2 मीटर वर असावा. उन्हाळ्यात पाहणी करून खोली ठरवली आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उफाळून वर आले, ही चूक वारंवार घडते. आसपासच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात कुठपर्यंत चढते, हे तेथील जुन्या माणसांना विचारावे. पाणी उथळ असेल, तर खड्डा उंचवट्यावर बांधावा किंवा बंद टाकीचा पर्याय घ्यावा.

जमीन पाणी किती शोषते हे पाहण्यासाठी खड्ड्याच्या जागी सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाचे भोक खणून रात्रभर पाण्याने भरलेले ठेवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते मोजावे. पाणी जवळजवळ हलत नसेल, तर जमीन चिकणमातीची आहे आणि साधा शोषखड्डा तेथे काही महिन्यांत तुंबेल. झपाट्याने उतरत असेल किंवा खाली भेगाळलेला खडक असेल, तर मैलापाणी न गाळता भूजलात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी जाणकार अभियंत्याचा सल्ला न घेता पुढे जाऊ नये.

चौथी पायरी: खड्ड्याचा आकार

कमी पाण्यात चालणाऱ्या शौचकुपांसाठी जोडखड्ड्याची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. एका वेळी एकच खड्डा वापरात असतो. तो भरला की मधल्या कुंडीतून प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवतात आणि पहिला किमान दोन वर्षे बंद ठेवतात. तेवढ्या काळात रोगजंतू आणि जंतांची अंडी बहुतांश नष्ट होतात, आणि मैल्याचे मातीसारख्या कोरड्या पदार्थात रूपांतर होते. मात्र दोन्ही खड्ड्यांकडे एकाच वेळी पाणी जात असेल, तर पद्धतीचा सगळा फायदा नाहीसा होतो, म्हणून कुंडीतील एक तोंड नीट बंद आहे ना, हे बांधकाम ताब्यात घेतानाच झाकण उघडून पाहावे.

आकाराचे गणित असे मांडता येते. पाण्याच्या खड्ड्यात घरगुती वापरात माणशी वर्षाला साधारण 40 लिटर गाळ साठतो. मुले दिवसाचा काही भागच शाळेत असतात, म्हणून निम्मा, म्हणजे 20 लिटर धरू. एका जोडखड्ड्यावर 50 विद्यार्थी असतील, तर दोन वर्षांत 2,000 लिटर, म्हणजे 2 घनमीटर गाळ जमेल. आतून 1.2 मीटर व्यासाच्या गोल खड्ड्याला त्यासाठी सुमारे 1.8 मीटर खोली लागेल, आणि वर 30 ते 50 सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. पण एवढ्यावर थांबू नये, कारण खड्ड्याला पाणीही जिरवायचे असते. दिवसाला 175 लिटर पाणी येत असेल आणि भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे 6.7 चौरस मीटर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरने रोज 26 लिटर शोषायला हवेत. वाळूमिश्रित पोयट्याच्या जमिनीत हे जमते. चिकणमाती 10 लिटरच्या आसपासच घेते, त्यामुळे तेथे खड्डा मोठा करावा लागेल किंवा पद्धत बदलावी लागेल. गाळाच्या जागेचे गणित सगळे करतात, पाणी जिरण्याचे गणित मात्र राहून जाते, आणि खड्डा अर्धा रिकामा असतानाच वर तुंबतो.

खड्ड्याचे विटकाम जाळीदार ठेवतात, पण वरच्या थराला पक्का सांधा देतात. दोन खड्ड्यांमधील अंतर किमान खड्ड्याच्या वापरातील खोलीइतके असावे, नाहीतर चालू खड्ड्यातले पाणी पाझरून बंद खड्ड्यात शिरते. झाकण मुलाला उचलता येणार नाही इतके जड असावे.

पाचवी पायरी: आतली रचना

येथे खर्च थोडा असतो आणि फरक फार पडतो. तीव्र उताराचे भांडे आणि सुमारे 2 सेंटिमीटर पाणी धरणारा सापळा (भांड्याखालचे, पाणी साठवून वास अडवणारे वळण) घेतला, तर दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. खोल पाणी धरणाऱ्या नेहमीच्या सापळ्याला त्याच्या कितीतरी पट पाणी लागते. जमिनीची घोटाई गुळगुळीत, पण घसरणार नाही अशी असावी, आणि उतार भांड्याकडे असावा, म्हणजे सफाईचे पाणी कोपऱ्यात साचत नाही. भिंतीचा खालचा भाग धुता येईल असा करावा. कडी सर्वांत लहान मुलाच्या हाताला पोहोचेल अशी बसवावी. मोठ्यांच्या उंचीवर बसवलेली कडी लहान मुलांच्या दृष्टीने नसल्यासारखीच. पायऱ्यांऐवजी उतरण ठेवावी, तिचे प्रमाण 1 मीटर उंचीला 12 मीटर लांबी एवढे असावे. अपंगांसाठीच्या शौचकुपाचे दार किमान 90 सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारे असावे, आत चाकाची खुर्ची फिरवता येईल इतकी, म्हणजे दीड मीटर व्यासाची जागा आणि भिंतीला पक्के धरायचे दांडे असावेत. असे शौचकूप बांधून त्यात झाडू आणि जुनी बाके कोंबण्याची प्रथा बंद झाली पाहिजे, हे मी कळकळीने सांगतो.

पाळी आलेल्या मुलीसाठी काय लागते, हे वेगळे सांगावे लागते, कारण आराखड्यात ते आपोआप येत नाही. शौचकुपाच्या आतच पाणी हवे, म्हणजे कपडा किंवा हात धुण्यासाठी तिला सर्वांसमोरच्या नळावर जावे लागत नाही. कपडे आणि पिशवी टांगायला खुंटी, वस्तू ठेवायला छोटी फळी आणि झाकण असलेली कचरापेटी हवी. पेटी रोज रिकामी करणारी व्यक्ती ठरलेली हवी, अन्यथा पॅड भांड्यात टाकले जातात आणि पाईप तुंबतो. शाळेच्या आवारात छोट्या भट्टीत पॅड जाळण्याची शिफारस मी करणार नाही. कमी तापमानात प्लास्टिक जळताना विषारी धूर होतो आणि तो मुलांच्याच श्वासात जातो. गोळा करून योग्य विल्हेवाटीसाठी देणे, आणि तशी व्यवस्थाच नसेल तेथे वेगळा, झाकलेला, अस्तर लावलेला खड्डा करणे अधिक बरे. अचानक गरज पडली तर पॅड आणि बदलायला एक कपडा कोणत्या शिक्षिकेकडे मिळेल, हे प्रत्येक मुलीला आधीपासून माहीत असावे.

हात धुण्याची जागा शौचालयाच्या दारापासून काही पावलांवरच असावी, कारण ती दूर गेली की वापर कमी होतो. नळाची उंची सर्वांत लहान वर्गातील मुलाच्या कोपराइतकी ठेवावी आणि मोठ्यांसाठी दुसरी रांग करावी. साबणाची वडी चोरीला जाते किंवा चिखलात पडते अशी तक्रार असेल, तर ती जाळीच्या पिशवीत घालून बांधून ठेवावी, किंवा साबणाची भुकटी पाण्यात विरघळवून झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरावी. भोक बारीक ठेवले की साबण पुरून वापरला जातो. सांडपाणी उघड्यावर न सोडता शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात न्यावे.

सहावी पायरी: रोजची सफाई

बांधकामाचा करार होण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी ठराव्यात: सफाई कोण करणार आणि त्याचे वेतन कुठून येणार, साबण-सफाईसामान व दुरुस्तीसाठी वर्षाला किती रक्कम कोणत्या खात्यातून येणार, आणि खड्डा भरल्यावर उपसा कोण करणार. यातील एकही उत्तर नसेल, तर बांधकाम थोडे पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे. पाच शौचकुपांचा पैसा असेल आणि सांभाळण्याची ताकद तीन शौचकुपांचीच असेल, तर तीनच बांधावीत आणि उरलेला पैसा देखभालीसाठी बाजूला ठेवावा. देणगीदारांना हे पटवणे कठीण जाते, तरी ते करावेच.

शौचकुपे दिवसातून किमान एकदा, आणि गर्दीच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर पुन्हा, धुवावीत. आधी साबणाने घासून घाण काढावी आणि मगच कड्या, तोट्या, भांड्याचा काठ यांवर 0.5 टक्के क्लोरीनचे द्रावण वापरावे. 5 टक्के तीव्रतेच्या द्रव ब्लीचच्या एका भागात 9 भाग पाणी मिसळले की ते तयार होते. ब्लीच आणि आम्लयुक्त शौचालय-क्लीनर कधीही एकत्र वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो घातक ठरतो. भरपूर ब्लीच खड्ड्यात किंवा टाकीत ओतू नये, मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. सफाई करणाऱ्याला हातमोजे, बूट आणि हात धुण्याचा साबण शाळेने द्यावा.

विद्यार्थ्यांच्या सहभागाविषयी स्पष्ट बोलायला हवे. पाण्याची बादली भरलेली आहे का हे पाहणे, साबण संपल्याचे कळवणे, लहानांना वापर शिकवणे ही कामे त्यांनी आनंदाने करावीत. शौचकूप घासणे, रसायने हाताळणे किंवा मैला उपसणे मुलांकडून करून घेऊ नये. शिक्षा म्हणून तर नाहीच, आणि ठरावीक समाजगटातील मुलांकडून किंवा फक्त मुलींकडून तर मुळीच नाही. तसे झाल्यास स्वच्छतागृह म्हणजे अपमानाची जागा, हे मुलाच्या मनात कायमचे बसते.

खड्ड्यात उतरण्याचा धोका

चालू खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत माणसाने उतरू नये, कोणत्याही कारणाने उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात, ऑक्सिजन कमी असतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण जास्त झाले की त्याचा वासही येईनासा होतो. पहिला माणूस आत कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. टाकीचा उपसा यंत्राने करावा आणि मैला प्रक्रिया होणाऱ्या ठिकाणीच जाईल याची खात्री करावी. त्यासाठी टाकी अशा जागी हवी की उपसा करणारी गाडी जवळ येऊ शकेल. दोन वर्षे बंद राहिलेला जोडखड्डा बाहेरूनच लांब दांड्याच्या अवजारांनी रिकामा करता येतो, पण तोही सुटीच्या काळात आणि मुले आवारात नसताना.

सातवी पायरी: दरमहा पाहणी

एक पानाची तक्ता-नोंद पुरे. प्रत्येक शौचकुपाला क्रमांक द्यावा आणि महिन्यातून एकदा, न सांगता, पालक प्रतिनिधी, एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थी यांनी मिळून पाहावे: खुले आहे का, पाणी आहे का, कडी लागते का, भांडे वाहते का, साबण आहे का, पेटी रिकामी आहे का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. ‘ठीक’ हा शब्द तक्त्यात येऊ देऊ नये, त्यामागे सगळे लपते. हा तक्ता सूचनाफलकावर लावावा आणि शाळेत सुट्या भागांची पेटी ठेवावी. कड्या, बिजागऱ्या, तोट्या, वॉशर, मग आणि बादल्या तिच्यात असल्या की बहुतेक दुरुस्त्या दोन दिवसांत होतात. तीन महिने एकच ‘नाही’ त्याच क्रमांकासमोर येत असेल, तर प्रश्न वापराचा नसून रचनेचा आहे असे समजून गवंडी किंवा नळकाम करणाऱ्याला बोलवावे.

लांब सुट्टीनंतर शाळा उघडण्याच्या तीन-चार दिवस आधी एक फेरी मारावी. सापळ्यांतील पाणी आटलेले असते आणि वास थेट आत येतो, म्हणून प्रत्येक भांड्यात पाणी ओतावे. टाकी रिकामी करून घासावी आणि साचलेले पाणी नळांतून पूर्ण वाहू द्यावे. झरोक्यांतील घरटी आणि कोळिष्टके काढावीत, खड्ड्याची झाकणे हललेली नाहीत ना ते पाहावे. मग शाळेच्या पहिल्या दिवशी, प्रार्थनेनंतर, नव्याने दाखल झालेल्या मुलांना शिक्षिकेने रांगेत तेथपर्यंत न्यावे, दार कसे लावायचे, पाणी किती ओतायचे आणि साबण कुठे आहे ते दाखवावे, आणि प्रत्येकाला कडी एकदा स्वतः लावून पाहू द्यावी.